आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) पॉवर मोजताना केबलचा लॉस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण आणि नंतर हिंजवडी अशा तीन ठिकाणी मी रेडिओ युनिटच्या चाचणीचं काम केलं. बेंचवर, म्हणजे चाचणीच्या टेबलावर, नव्याने बसणारी मुलंमुली पहिल्या महिन्यात केबलच्या लॉसबद्दल, म्हणजे वाटेत केबलमध्येच जाणाऱ्या पॉवरबद्दल, जे प्रश्न विचारतात, ते तिन्ही ठिकाणी जवळपास तेच होते. उत्तरं द्यायला दरवेळी एक दुपार जायची, म्हणून ती इथे लिहून ठेवतो आहे. गच्चीवर अँटेना लावणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्रांचेही दोनतीन प्रश्न यात घेतले आहेत.

दीड-दोन मीटरच्या केबलने असा किती फरक पडणार?

युनिट नापास होण्याइतका पडतो. ८६६ मेगाहर्ट्झवर चालणारं, अर्ध्या वॅटचं, म्हणजे २७ डीबीएमचं एक युनिट घ्या (डीबी हे दोन पॉवरींचं गुणोत्तर सांगणारं लॉगरिदमिक माप, आणि डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत किती डीबी). पॉवर मीटरच्या सेन्सरला २० डीबीएमच्या वर झेपत नाही, म्हणून मध्ये २० डीबीचा अटेन्युएटर (पॉवर ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग, त्यालाच पॅड म्हणतात) आणि २ मीटरची आरजी-५८ केबल लावली. मीटरने ५.४० डीबीएम दाखवलं. नवखा माणूस त्यात २० मिळवतो आणि २५.४ डीबीएम लिहितो, म्हणजे ३४७ मिलिवॅट. युनिट नापास.

आता तोच अटेन्युएटर नीट मोजला तर तो २०.१४ डीबीचा निघतो आणि केबल १.२३ डीबी खाते. बेरीज २१.३७. युनिटच्या कनेक्टरवर २६.७७ डीबीएम होते, म्हणजे ४७५ मिलिवॅट. युनिटमध्ये काहीच बिघाड नव्हता.

मीटर फक्त सेन्सरच्या तोंडाशी पोचलेली पॉवर सांगतो. आपल्याला रिपोर्टमध्ये लिहायची असते ती युनिटच्या कनेक्टरवरची. या दोन टोकांमध्ये जे काही जोडलं आहे त्याचा हिशेब आपणच द्यायचा असतो.

अंदाज यावा म्हणून: ०.१ डीबी म्हणजे सव्वादोन टक्के पॉवर, ०.५ डीबी म्हणजे जवळपास ११ टक्के, १ डीबी म्हणजे साडेवीस टक्के, आणि ३ डीबी म्हणजे निम्मी पॉवर केबलमध्येच गेली.

ही पॉवर जाते कुठे?

बहुतेक उष्णतेत. फ्रिक्वेन्सी वाढली की प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो आणि त्याला विरोध वाढतो. हा भाग साधारण फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आतलं प्लॅस्टिक जे खातं ते थेट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे गिगाहर्ट्झमध्ये त्याचा वाटा दिसू लागतो. म्हणून नुसतं ‘या केबलचा लॉस १.२’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या फ्रिक्वेन्सीला?

डेटाशीटमध्ये लॉस दिलेलाच असतो. तो का नाही वापरायचा?

केबल विकत घेताना जरूर वापरा. १ गिगाहर्ट्झला आरजी-५८ मीटरमागे साधारण ०.६ ते ०.७ डीबी घेते, बारीक आरजी-१७४ एक डीबीच्या वर जाते, जाड एलएमआर-४०० तेवढ्याच लांबीत दीड दशांश डीबीच्याही आत राहते. निवड करायला एवढं पुरतं.

रिपोर्टसाठी मात्र तो आकडा धरू नका. डेटाशीट नव्या कोऱ्या केबलचं असतं. तुमच्या हातातली केबल दोन वर्षं वाकली आहे, तिच्या टोकांना कोणीतरी कनेक्टर क्रिंप केले (दाबून बसवले) आहेत, आणि कोणीतरी ती खुर्चीच्या चाकाखाली दाबली आहे.

आमच्याकडे व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे किती सिग्नल पार जातो आणि किती परत येतो हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मोजणारं उपकरण) नाही. सिग्नल जनरेटर आणि पॉवर मीटर एवढंच आहे. लॉस मोजता येईल का?

येईल, आणि छान येईल. पुण्यातल्या छोट्या कारखान्यांत मी हीच पद्धत सर्वात जास्त वापरली आहे.

दोन्ही उपकरणं चालू करून अर्धा तास तापू द्या. चहा या वेळात घ्या. मग सेन्सर झीरो करा आणि मीटरच्या ५० मेगाहर्ट्झ, १ मिलिवॅट रेफरन्सवर कॅल, म्हणजे कॅलिब्रेट, करा. मीटरला वापरायची फ्रिक्वेन्सी सांगायला विसरू नका, कारण सेन्सरचा कॅल फॅक्टर फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो.

जनरेटरच्या तोंडाला ६ किंवा १० डीबीचा पॅड लावा आणि शेवटपर्यंत तो काढू नका. सेन्सर थेट पॅडवर जोडून वाचा. समजा मीटरने −०.११ डीबीएम दाखवलं. आता जनरेटरला हात न लावता मध्ये केबल घाला आणि पुन्हा वाचा. समजा −१.३४ आलं. वजाबाकी १.२३ डीबी, हा तुमचा लॉस. जनरेटरची स्वतःची लेव्हल थोडी चुकीची असली तरी दोन्ही वाचनांत तीच असल्यामुळे वजाबाकीत निघून जाते. या पद्धतीची खरी ताकद ती आहे.

इथे हमखास अडखळायला होतं. केबलच्या दोन्ही टोकांना मेल कनेक्टर, सेन्सरही मेल, म्हणून मध्ये फिमेल-फिमेल अडॅप्टर घालावा लागतो. तो पहिल्या वाचनात नव्हता, दुसऱ्यात आहे. मग त्याचा लॉस वेगळा काढायचा का? खऱ्या चाचणीतही केबल आणि सेन्सरच्या मध्ये तोच अडॅप्टर राहणार असेल, तर नाही. तो साखळीचा भाग आहे, १.२३ मध्ये त्याला राहू द्या. चाचणीत जी साखळी असेल तीच मोजताना असली पाहिजे, अडॅप्टरसकट आणि अटेन्युएटरसकट. शक्य असेल तेव्हा केबल, पॅड, अडॅप्टर हे सगळं जोडून एकाच वेळी मोजा. सुटे तुकडे मोजून बेरीज केली की प्रत्येक सांध्याची चूक तिच्यात मिळत जाते.

शेवटी सगळं सोडा, पुन्हा जोडा, पुन्हा मोजा. असं तीनदा. १.२३, १.२५, १.२२ आलं तर केबल विश्वासाची. १.२ आणि मग १.५ आलं तर सरासरी काढू नका, दोष शोधा.

व्हीएनए आहे. मग काम सोपं ना?

सोपं आणि जास्त माहिती देणारं. दोन्ही पोर्टचं शॉर्ट-ओपन-लोड-थ्रू कॅलिब्रेशन करा, केबल लावा, एस-टू-वन, म्हणजे एका पोर्टमधून दुसऱ्यात पोचणारा सिग्नल, वाचा. पूर्ण पट्ट्याचा आलेख एका नजरेत मिळतो आणि कुठे खड्डा पडला असेल तर तोही दिसतो.

कॅलिब्रेशन झाल्यावर व्हीएनएच्या स्वतःच्या टेस्ट केबल फार हलवू नका. आणि कॅल किट कनेक्टरच्या जातीचंच निवडा. एन टाइपच्या किटने कॅलिब्रेशन करून मग वर एसएमए अडॅप्टर चढवले, तर ते अडॅप्टर केबलच्या लॉसमध्ये जमा होतात.

केबलचं एक टोक गच्चीवर आहे, दुसरं खाली. दोन्ही टोकं एकत्र आणता येत नाहीत.

वरच्या टोकाला चांगला शॉर्ट (मधली तार आणि जाळी एकत्र जोडणारं टोपण) लावा आणि खालून रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारा सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती डीबी कमी आहे ते, मोजा. सिग्नल वर जाऊन परत येतो, म्हणजे केबल दोनदा पार करतो. आलेल्या आकड्याचा निम्मा म्हणजे केबलचा लॉस. त्यानंतर शॉर्ट काढून ओपन (तार आणि जाळी न जोडणारं टोपण) लावा, पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. दोन्हींत बराच फरक पडला तर आधी वरचा कनेक्टर तपासा, बहुतेकदा पावसाचं पाणी तिथे शिरलेलं असतं.

एसडब्ल्यूआर (सिग्नल किती परत येतो त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही) अगदी छान दिसतो, तरी सिंहगडावरच्या मित्राला आवाज जात नाही. असं कसं?

केबलच एसडब्ल्यूआर छान दाखवत असेल. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ मीटरमागे सुमारे ०.२ डीबी खाते. सोसायटीच्या गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत २५ मीटर केबल आली, म्हणजे ५ डीबी. आता समजा वरची अँटेना पूर्ण तुटली आहे आणि सगळी पॉवर परत येते आहे. जाताना ५ आणि येताना ५, असा खाली रिटर्न लॉस १० डीबी दिसेल आणि मीटर एसडब्ल्यूआर १.९ दाखवेल. तुटलेल्या अँटेनावर! अँटेना धड असली तरी ५० वॅटपैकी वर १६ वॅटही पोचत नाहीत. एसडब्ल्यूआर अँटेनापाशी जाऊन मोजा, किंवा केबलचा लॉस मोजून हिशेबात धरा.

मिळालेला लॉस मिळवायचा की वजा करायचा?

युनिट सिग्नल पाठवत असेल आणि तुम्ही मोजत असाल, तर मीटरच्या आकड्यात मिळवायचा. युनिट सिग्नल घेत असेल आणि तुम्ही जनरेटरने देत असाल, तर जनरेटर तेवढा वर ठेवायचा. रिसीव्हरला −११८ डीबीएम द्यायचे आहेत आणि केबल १.२ खाते, तर जनरेटरवर −११६.८ लावा. −११८ च लावलं तर रिसीव्हरला −११९.२ मिळतं आणि चांगला रिसीव्हर बहिरा ठरतो.

चिन्हाचा घोळ होतो तो व्हीएनएमुळे. एस-टू-वन −१.२३ असा उणे दिसतो, आणि मीटरच्या ऑफसेटमध्ये (मीटर वाचनात आपोआप मिळवतो त्या आकड्यात) +१.२३ भरायचं असतं. कोणी −१.२३ तसंच भरलं तर चूक दुप्पट, म्हणजे २.४६ डीबीची होते. ऑफसेट भरल्यावर आकडा वर गेला की खाली, हे डोळ्यांनी बघा. पाठवणाऱ्या युनिटच्या मोजणीत तो वरच गेला पाहिजे.

दुसरी चूक माझ्याच हातून झालेली सांगतो. मी काम करत होतो त्या एका कारखान्यात मीटरच्या ऑफसेटमध्ये केबलचे २.४ डीबी आधीच भरलेले होते. मला ते माहीत नव्हतं, आणि मी एक्सेलच्या तक्त्यात तेच २.४ पुन्हा मिळवत राहिलो. आठवडाभराचे सगळे रिपोर्ट २.४ डीबीने फुगलेले निघाले. कमी पॉवरची युनिट पास होऊन बाहेर गेली आणि ग्राहकाकडून परत आली. त्या मालाची मोजणी आम्ही सगळ्यांनी रात्री थांबून पुन्हा केली. ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून माझा नियम ठरला: भरपाई एकाच जागी. मी मीटरचा ऑफसेट शून्य ठेवतो, मीटरवरचा कच्चा आकडा लिहितो आणि लॉस तक्त्यात मिळवतो. लॉस चुकीचा होता असं महिन्याने कळलं, तरी कच्चे आकडे हातात असतात आणि रिपोर्ट सुधारता येतो. ऑटोमॅटिक बेंचवर ऑफसेट उपकरणातच भरावा लागत असेल तर भरा, पण प्रत्येक रिपोर्टवर ‘ऑफसेट इतका, उपकरणात भरलेला’ अशी ओळ छापा.

हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणारे नको असलेले सिग्नल) मोजतानाही तोच लॉस धरला तर चालेल ना?

नाही चालत. ८६६ मेगाहर्ट्झच्या युनिटचं दुसरं हार्मोनिक १७३२ ला, तिसरं २५९८ ला. जी केबल मूळ फ्रिक्वेन्सीला १.२ डीबी खाते ती तिसऱ्या हार्मोनिकला २.२ च्या आसपास खाईल. सगळीकडे १.२ धरलं तर हार्मोनिक खऱ्यापेक्षा १ डीबी कमी दिसतं. चूक तुमच्या बाजूने पडते म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. मर्यादेच्या काठावरचं युनिट तुमच्याकडे पास होतं आणि मान्यतेच्या प्रयोगशाळेत नापास. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरमध्ये फ्रिक्वेन्सीनुसार करेक्शनचा तक्ता भरायची सोय असते, ती वापरा. सपाट ऑफसेट फक्त एका फ्रिक्वेन्सीपुरता खरा.

लॉसच्या आलेखात लाटा दिसतात. केबल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. केबलच्या दोन्ही टोकांना थोडा थोडा सिग्नल परावर्तित होतो आणि ते परावर्तन मूळ सिग्नलमध्ये कधी मिळतं, कधी वजा होतं. दोन लाटांमधलं अंतर केबलच्या लांबीवरून ठरतं. साध्या पॉलिथिलीनच्या २ मीटर केबलवर ते जवळपास ५० मेगाहर्ट्झ येतं. तुमच्या आलेखात तेवढंच अंतर दिसलं तर कारण सापडलं.

हीच मिसमॅचची, म्हणजे जोडलेल्या टोकांचा मेळ न बसल्याची, चूक. पॉवर मोजण्यात मला सर्वात जास्त छळलं असेल तर तिने. युनिटचा आणि सेन्सरच्या बाजूचा व्हीएसडब्ल्यूआर (वरचा एसडब्ल्यूआरच) दोन्हीकडे १.५ असेल, तर आकडा ±०.३५ डीबीपर्यंत कुठेही पडू शकतो. केबलचा लॉस तिसऱ्या दशांशापर्यंत मोजून तिथे काही उपयोग नाही. उपाय स्वस्त आहे: युनिटच्या तोंडाशीच एक चांगला १० डीबीचा पॅड लावा. युनिटला समोर १.१५ चा व्हीएसडब्ल्यूआर दिसू लागला की तीच चूक ±०.१२ वर येते. पॉवर पुरेशी असेल तर पॅड लावायला कंजुषी करू नका.

पुण्याच्या हवेचा परिणाम होतो का?

तांब्याचा विरोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे तांब्यात जाणारा लॉस अंशामागे साधारण ०.२ टक्के वाढतो. एसी लॅबमध्ये २५ अंशांना मोजलेली केबल एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली ४५ अंशांवर गेली, तर लॉस ४ टक्के वाढेल. १.२ डीबीवर ते ०.०५, सोडून द्या. ६ डीबीच्या लांब केबलवर ते पाव डीबीच्या जवळ जातं, ते सोडू नका. थर्मल चेंबरमध्ये चाचणी असेल तर केबलचा आतला तुकडाही तापतो आणि गारठतो. प्रत्येक तापमानाला केबल पुन्हा मोजा.

फेज मोजणाऱ्यांसाठी आणखी एक. काही केबलच्या आतल्या टेफ्लॉनची रचना १९ अंशांच्या आसपास बदलते आणि केबलची फेज तिथे झटक्याने सरकते. डिसेंबरात एसी नसलेली पुण्यातली लॅब सकाळ ते दुपार नेमकी हीच रेषा ओलांडते. सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी वापरू नका.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, केबल घेतली तर चालेल का?

मी घेतली आहे आणि पुढेही घेईन, पण बघून. दुकानात ‘अँटेनाची केबल’ मागितली तर केबल टीव्हीची ७५ ओहमची हातात पडते. ५० ओहमचीच मागा आणि केबलवरची छपाई वाचा. ५० च्या जागी ७५ ची जोडली की व्हीएसडब्ल्यूआर तिथेच १.५ होतो.

मग टोकाची दोन इंच साल सोलायला सांगा. जाळी बोटाने सरकवून बघा. चांगल्या केबलची जाळी घट्ट विणलेली असते, आतलं पांढरं प्लॅस्टिक जवळजवळ दिसत नाही. जिथे जाळीच्या चौकटीतून पांढरं ढळढळीत दिसतं ती केबल परत द्या. मधल्या तारेला चुंबक लावा. चिकटली तर आत पोलाद आहे, वर तांब्याचा मुलामा आहे. उंच फ्रिक्वेन्सीला ते चालूनही जातं, पण तार कडक असते आणि वारंवार वाकवण्याच्या बेंचवर ती मला नको वाटते.

कनेक्टर किती घट्ट करायचा?

टॉर्क पान्याने. पितळी एसएमएला ०.५६ न्यूटन-मीटर, स्टीलच्या एसएमएला ०.९ च्या आसपास, एन टाइपला १.३६. फिरवायचा तो फक्त नट. केबल किंवा अडॅप्टरचं अंग फिरवलं की मधली पिन समोरच्या कनेक्टरमध्ये घासते. जोडण्याआधी भिंगातून बघा: पिन मध्यावर आहे ना, पितळेचा कीस दिसतो का. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून आतून हलकेच फिरवा. पहिली काडी काळपट निघते, तिसरी पांढरी निघाली की झालं.

ट्रान्समीटर १०० वॅटचा आहे. काही वेगळं?

१ डीबी लॉस म्हणजे २० वॅट उष्णता त्या केबलमध्ये. ती तापते आणि लॉस वाढतो, त्यामुळे व्हीएनएवर मिलिवॅटला मोजलेला आकडा पुरता लागू पडत नाही. अटेन्युएटरही तापून सरकतो. डायरेक्शनल कपलर (पॉवरचा ठरावीक छोटा भागच मीटरकडे काढून देणारा) वापरा, वाचन स्थिरावू द्या. पॉवर चालू असताना कनेक्टर कधीही सोडू नका, हात भाजतो आणि ट्रान्समीटरही जाऊ शकतो.

लॉस बरोबर घातला, तरी आकडा १० डीबीने कमी येतो.

युनिट वेळेच्या दर दहा भागांतला एकच भाग पॉवर पाठवत असेल. सरासरी दाखवणारा सेन्सर तेव्हा बरोबर १० डीबी कमी दाखवतो. केबलचा यात संबंध नाही.

रिसीव्हरच्या बाजूला केबलचा लॉस एवढा का टाळतात?

पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा लॉस थेट नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर सिग्नलमध्ये किती गोंगाट घालतो त्याच्या मापात) मिळतो आणि पुढे कितीही गेन दिला तरी तो भरून निघत नाही. खोलीच्या तापमानाला असलेली १ डीबीची केबल सुमारे ७५ केल्व्हिनचा गोंगाट वाढवते. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर अँटेनाच्या फीडपाशीच बसवला आहे, आणि तिथून मध्यवर्ती इमारतीपर्यंत सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून येतो. एकदा तरी जाऊन बघावं असं ठिकाण आहे.

केबल किती दिवसांनी पुन्हा मोजायची, आणि फेकायची कधी?

रोजच्या वापरातली केबल मी दर आठवड्याला मोजतो, पडली किंवा दबली तर लगेच. शिवाय एक चांगलं युनिट कपाटात राखून ठेवतो. रोज सकाळी पहिलं वाचन त्याचं. काल २६.८, आज २६.५ आलं, तर कारण सापडेपर्यंत बेंच बंद.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा: क्रमांक, मोजल्याची तारीख, आणि वापरायच्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा लॉस. माझ्या १४ नंबरच्या केबलवर ‘८६६: १.२३, १७३२: १.७८, २५९८: २.२४’ असं लिहिलेलं होतं, अडॅप्टरसकट.

केबल मीटरला जोडून कनेक्टरपासून दोन इंचांवर हलकेच वाकवा. आकडा ०.०२ ने हलला तर ठीक. ०.३ ने उडाला तर क्रिंप सुटला आहे. असं टोक कापून नवा कनेक्टर बसवा, पुन्हा मोजा आणि जुनी चिठ्ठी फाडून नवी लावा. तसं करायला वेळ नसेल तर केबल तिथल्या तिथे मधोमध कापा. ड्रॉवरमध्ये ठेवलीत, तर घाईच्या दिवशी कोणीतरी तीच उचलून बेंचवर लावतो.